सीव्ही अपडेट

आवाज पहिल्यांदा बायकोने ऐकला. मला ऐकू येणं शक्यच नव्हतं, कारण मी गाडी चालवताना गाणी मोठ्याने लावतो. ती लावत नाही.

"अरे, गेटमधून उजवीकडे वळताना काहीतरी कट-कट-कट वाजतंय."

हे एप्रिलमध्ये. मी म्हटलं, चौदा वर्षांची गाडी आहे, वाजणारच. मे महिन्यात तिने परत सांगितलं. जूनमध्ये सांगितलं नाही. लग्नाला सहा वर्षं झालेल्या माणसाला खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं.

पण जूनमध्ये मला दुसराच आवाज ऐकू आला होता. एचआरचा. पंधरा मिनिटांचा कॉल, समोर तिघं जण, तिघांचेही कॅमेरे चालू आणि चेहरे बंद. दोन महिन्यांचा पगार, एक लांबलचक मेल आणि लॅपटॉप परत करायचा फॉर्म. संपलं. अकरा वर्षांची नोकरी चहा गार व्हायच्या आत संपू शकते, हे मी इतरांच्या बाबतीत ऐकून होतो. त्या रात्री बायकोने शांतपणे वही काढली आणि घराचा हप्ता, किराणा, गाडीचं पेट्रोल असं लिहीत बसली. मी माझा सीव्ही उघडून बसलो. आईबाबांना सांगायचं नाही असं मी ठरवलं. नवी नोकरी लागली की दोन्ही बातम्या एकदम सांगू, हा माझा प्लॅन. बायकोचं मत वेगळं होतं, पण आईवडील माझे असल्यामुळे ती गप्प बसली.

आम्ही राहतो घोटावड्याला. मुळशी तालुका. चार वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला तेव्हा ब्रोशरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, हिंजवडीपासून फक्त वीस मिनिटं. ते खोटं नाही. पहाटे पाच वाजता निघालात तर अठरा मिनिटांत पोचता. बाकीच्या वेळी मानवरून जाणारा तो रस्ता डंपर, रेडी-मिक्सचे ट्रक आणि आपल्यासारखे वीस मिनिटंवाले मिळून वाटून घेतात. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरलं की खड्डा कुठला आणि डबकं कुठलं हे चाक आत गेल्यावरच कळतं. दोन्ही बाजूंना भातखाचरं, जुलैत लावणी चाललेली, पलीकडे ढगात डोकं घातलेले डोंगर. इतकं सुंदर, की पुण्यातले मित्र रविवारी फोटो काढायला येतात. गाडीला मात्र देखाव्याचं काही पडलेलं नसतं. तिला फक्त चिखल दिसतो.

तर, जुलैमध्ये मी गाडी गॅरेजला दाखवली. मेकॅनिकने बसून चाकाच्या आत टॉर्च मारला आणि मला बोलावलं. रिमच्या आतल्या बाजूला कुणीतरी काळ्या रंगाचा ब्रश झटकल्यासारखे शिंतोडे उडाले होते.

"हे ग्रीस. दोन्ही बाहेरचे बूट फाटलेत साहेब. दोन्ही एक्सल बदलून टाकू. बारा हजार."

"नुसते बूट बदलले तर?"

"मजुरी तेवढीच. आणि आवाज राहिला तर तुम्ही माझ्या नावाने ओरडणार."

माणूस खोटं बोलत नव्हता, हे मला नंतर कळलं. पण त्या महिन्यात बारा हजार ही रक्कम वहीत कुठेही बसत नव्हती. बायकोला रोज ऑफिसला गाडी लागते, घरात पगार आता तिचाच. मी "बघतो" म्हणून गाडी घेऊन आलो आणि त्या रात्री सीव्ही अपडेट करायचा सोडून सीव्ही जॉइंट म्हणजे काय ते वाचत बसलो.

इथला सीव्ही म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी. आपल्या बहुतेक लहान गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना जाते. आता गंमत बघा. ही पुढची चाकं इंजिनच्या जोराने फिरायला हवीत, त्याच वेळी स्टीअरिंगबरोबर वळायला हवीत, आणि खड्ड्यात वरखालीही व्हायला हवीत. म्हणजे त्यांना फिरवणारा दांडा मधेच कुठेतरी वाकला पाहिजे आणि वाकूनही सारख्याच वेगाने फिरला पाहिजे. जुन्या अॅम्बेसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीत ही भानगड नव्हती, कारण त्यांची ताकद मागच्या चाकांना जायची. तिथे गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लांब शाफ्टला साधा क्रॉस पुरायचा. पण क्रॉस जास्त कोनात फिरवला की तो एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. पुढच्या चाकाला तसा क्रॉस लावून पूर्ण वळण घेतलंत तर स्टीअरिंग हातात थरथरेल.

यावरचं उत्तर आल्फ्रेड झेप्पा नावाच्या फोर्डमधल्या इंजिनिअरने 1926 साली काढलं. एक बाहेरची वाटी, तिच्या आत एक गोळा, दोघांवरही सहा-सहा खोबणी, आणि त्या खोबणींमध्ये पोलादाचे सहा बॉल. बॉल एका पिंजऱ्यात बसवलेले. शाफ्ट कितीही वाकला तरी पिंजरा बॉलना बरोबर अर्ध्या कोनावर धरून ठेवतो, म्हणून दोन्ही बाजू सारख्याच वेगाने फिरतात. 1959 मध्ये ब्रिटिश मिनी गाडीत हे जॉइंट आले आणि पुढच्या चाकांची छोटी गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आपल्याकडे ती डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 बनून आली. तुमच्या आमच्या घरासमोर आज जी हॅचबॅक उभी आहे, तिच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे बहुधा झेप्पासाहेबांचा एकेक जॉइंट आहे.

आणि या सगळ्या पोलादी हुशारीचं रक्षण कोण करतं? एक रबरी पिशवी. हार्मोनियमच्या भात्यासारखी घड्या असलेली. तोच बूट. आतलं ग्रीस आत ठेवायचं आणि बाहेरचा चिखल बाहेर, एवढंच तिचं काम. वर्षानुवर्षं वाकून सरळ होऊन रबराला चिरा पडतात. एक चीर आरपार गेली की चाक फिरताना ग्रीस भिरकावलं जातं आणि त्याच वाटेने पाणी आणि माती आत येतात. उरलेल्या ग्रीसमध्ये माती कालवली की झाली भांडी घासायची पावडर. मग बॉल स्वतःच्याच खोबणी घासायला लागतात. फाटल्याबरोबर बूट बदलला तर खर्च काहीशे रुपये. कट-कट ऐकू येईपर्यंत थांबलात तर बहुतेक वेळा जॉइंट गेलेला असतो. हे वाक्य मी रात्री दीड वाजता वाचलं आणि एप्रिल, मे, जून असे महिने बोटांवर मोजले.

तरी मी ठरवलं, घरीच करायचं. का, हे आता विचाराल तर प्रामाणिकपणे सांगतो, पैसे हे अर्धंच कारण. दीड महिना मी रोज दहा अर्ज पाठवत होतो आणि पलीकडून काहीही होत नव्हतं. काहीतरी असं हवं होतं, जे सोडवलं की सुटतं.

रविवारी जुन्या बाजारात जाऊन मोठं सॉकेट आणलं, दीडशे रुपयांना. माझ्या पान्यांच्या सेटमधलं सगळ्यात मोठं सॉकेट चोवीसचं आणि एक्सलचा नट त्याहून मोठा. नाना पेठेतून दोन बूट किट, सातशे रुपये. बूट, दोन क्लॅम्प, नवी सर्क्लिप आणि ग्रीसची पुडी. हे ग्रीस साधं नसतं. मॉलिब्डेनमचं, शाईसारखं काळं. गाडीखाली ठेवायचे स्टँड सोसायटीतल्या एका बुलेटवाल्याकडून उसने मिळाले. इथे एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. स्टँड लावा, काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवा.

बुधवारी सकाळी बायको बी विंगमधल्या मैत्रिणीच्या गाडीतून गेली आणि मी पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली. बाहेर मुळशीचा पाऊस, आत मी.

एक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करायचा असतो, ब्रेक दाबून. ब्रेक दाबायला तळमजल्यावरच्या काकूंना बसवलं. त्या स्टीअरिंग धरून अशा ताठ बसल्या की गाडी जणू लोणावळ्याला निघालीये.

"आज ऑफिस नाही का रे?"

"वर्क फ्रॉम होम, काकू."

या एका शब्दाचे माझ्या पिढीवर फार उपकार आहेत.

नट हलेना. पान्यावर उभा राहिलो, तरी हलेना. रस्त्यापलीकडे ज्यांचं खाचर आहे ते तात्या छत्री घेऊन बघायला आले, पाच मिनिटं काही न बोलता उभे राहिले, आणि घरी जाऊन चार फुटांचा लोखंडी पाइप घेऊन आले. "ह्यो घाल पान्यावर. ट्रॅक्टरला आमी असंच करतो." पाइप घातला, दोघांनी दाबला, आणि बंदुकीसारखा आवाज होऊन नट सुटला. काकू आतून ओरडल्या, "मोडलं का रे?"

पुढचं तासाभरात झालं. चाक काढलं, खालचा सांधा सोडवला, जुना नट टोकावर उलटा धरून लाकडाच्या ठोकळ्याने शाफ्ट हबमधून मागे सारला. फाटलेला बूट कापून काढला. आत ग्रीस कसलं, तपकिरी लापशी होती. आता जॉइंट शाफ्टवरून ठोकून काढायचा. आत एक तारेची सर्क्लिप असते, ती ठोक्याने मिटते आणि जॉइंट सुटतो. वाचायला एक ओळ. मी दीड तास ठोकत होतो. आधी हळू, मग जोरात, मग शिव्या देत. जॉइंट जागचा हलला नाही.

सव्वाअकरा वाजता मी बाबांना फोन लावला.

माझे बाबा भोसरी एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत ग्राइंडिंगला होते. एकवीस वर्षं. लहानपणापासून मला एवढंच माहीत की ते "गाड्यांचे पार्ट" बनवतात. कुठले, हे मी कधी विचारलं नाही. मुलं विचारत नाहीत.

"बाबा, एक्सलचा बाहेरचा जॉइंट निघत नाहीये. सहा बॉलवाला."

पलीकडे जरा शांतता. मग, "ठोकतोयस कुठे? पिंजऱ्याला?"

"सगळीकडेच."

"पिंजऱ्याला लावू नकोस! तडकतो तो. आतल्या रेसला ठोकायचं. पितळी रॉड आहे?"

"नाही."

"मग हातोडी खाली ठेव." परत शांतता. "आज बुधवार ना?"

"हो."

"बरं. येतो मी."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलो.

दीडच्या सुमाराला त्यांचा फोन आला, मान गावात बसमधून उतरलोय, घ्यायला ये. गाडी स्टँडवर तीन चाकांनिशी उभी. काकूंची अॅक्टिव्हा घेऊन, रेनकोट घालून गेलो. बाबा टपरीच्या आडोशाला उभे होते, हातात रेशन आणायची कापडी पिशवी. येताना गाडीवर ते एवढंच म्हणाले, "रस्ता फारच वाईट आहे रे."

पिशवीतून निघालं एक अर्ध्या हाताचा पितळी रॉड, आईचा जुना सुती परकर चिंध्यांसाठी, आणि पोथी वाचायचं भिंग. त्यांनी शर्ट काढून आरशावर टांगला, बनियनवर सतरंजीवर बसले, रॉड आतल्या रेसवर टेकवला आणि मला म्हणाले, एकच मार, पण मनापासून मार. मी मारला. जॉइंट शाफ्टवरून सुटून सतरंजीवर पडला.

तात्यांनी ट्रॅक्टरसाठी ठेवलेलं थोडं डिझेल दिलं, त्यात जॉइंट धुतला. बाबांनी पिंजरा वाकडा करून एकेक बॉल अंगठ्याने बाहेर काढला. "प्रत्येकाची जागा ठरलेली. मिसळायचे नाहीत. काहीतरी खणाखणांचं आण." मी वर गेलो आणि स्वयंपाकघरात हाताला लागलं ते अप्पेपात्र घेऊन आलो. (ते नंतर तीन वेळा धुतलं. बायकोने तरी नवीन घेतलं. वहीत त्याचीही नोंद आहे.) सहा वाट्यांत सहा बॉल ओळीने बसले.

मग बाबांनी आतला गोळा उचलला, परकराच्या तुकड्याने पुसला आणि हातात फिरवत बसले. बराच वेळ. मला वाटलं काही तुटलंय.

"हा इनर रेस," ते म्हणाले. "असे मी दिवसाला चारशे काढायचो."

"म्हणजे? हेच?"

"हेच. या खोबणी घासायच्या. सात मायक्रॉन इकडेतिकडे झालं की रिजेक्ट." सात मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण दहावा भाग, हे त्यांनी मला दहावीत कशावरून तरी सांगितलेलं होतं. "क्रेटमधून यायचे, क्रेटमधून जायचे. गाडीत बसलेला कधी बघितला नव्हता. आज पहिल्यांदा."

एकवीस वर्षं. मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं काही सुचलं नाही.

त्यांनी भिंग लावलं, पण निकाल दिला तो अंगठ्याच्या नखाने. खोबणीवरून नख हळू ओढायचं. गुळगुळीत चकाकता पट्टा असेल तर ती चालल्याची खूण, झीज नव्हे. नख अडकलं तर संपलं. माझ्या हाताने त्यांनी मला करायला लावलं. तिसऱ्या आणि चौथ्या खोबणीत नख स्पष्ट अडकलं. दोन बॉलवर बारीक खड्डे होते, देवीच्या वणासारखे.

"हा गेला. नवा बूट घालून उपयोग नाही. किती दिवस वाजत होता?"

"एप्रिलपासून."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि जॉइंट बाजूला ठेवला. म्हणजे गॅरेजवाला डाव्या बाजूपुरता बरोबरच होता. उजवीकडे वळताना वाजतो तो बहुतेक वेळा डावीकडचा जॉइंट, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर येतो. उजव्या बाजूचा आवाज येत नव्हता, तेवढीच आशा.

उजवी बाजू उघडली. तिथला बूटही फाटलेला, पण अलीकडेच. ग्रीस अजून काळं होतं. धुतलं, सहा बॉल परत अप्पेपात्रात, नखाची परीक्षा. एकदा. दोनदा. सहाच्या सहा खोबणी पास. बाबा म्हणाले, "याला वाचवू." दवाखान्यात डॉक्टर म्हणतात तसं.

जोडायचं काम मी मागून घेतलं. किटमधली अख्खी पुडी ग्रीसची, बॉलच्या मागे बोटांनी दाबून भरली. सर्क्लिप नवी. जॉइंट शाफ्टवर धरला, एक ठोका, खट्ट. बसला! मी दोन्ही काळे हात वर केले. बाबांनी सतरंजीकडे बोट दाखवलं.

"बूट कुठंय?"

बूट सतरंजीवर होता. बूट आधी शाफ्टवर चढवायचा असतो, जॉइंट नंतर. रबर काही जॉइंटवरून मागे जात नाही. हे मी चार वेळा वाचलं होतं, कागदावर लिहूनही ठेवलं होतं, आणि तो कागद बूटाखालीच होता. बाबा हसले. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं, बनियनवर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग परत पितळी रॉड, परत ठोका, परत सगळं.

क्लॅम्प आवळायच्या आधी बूटाच्या एका टोकाखाली बारीक स्क्रूड्रायव्हर घालून आतली जादा हवा सोडायची, हे मात्र मी विसरलो नाही. तेव्हा बाबा अचानक बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, क्लॅम्पकडे बघत.

"2008 साली मंदी आली, तेव्हा आमच्याकडे ब्लॉक क्लोजर होतं. आठवड्यातले तीन-तीन दिवस बंद."

मी तेव्हा अकरावीत होतो. मला काहीही आठवत नव्हतं. तसं सांगितलं.

"तुला कसं आठवेल? मी रोज डबा घेऊन निघायचोच की. भोसरीऐवजी निगडीची बस पकडायचो. दुर्गा टेकडीवर बसायचो. अकरालाच भूक लागायची, पण डबा साडेबाराला उघडायचा. शिफ्टची सवय."

"आणि आई?"

"तिसऱ्या दिवशी तिला कळलं. युनिफॉर्म धुवायला घेतला तर कूलंटचा वास नाही." क्लॅम्प आवळला गेला. त्यांनी बूट दाबून बघितला. "म्हणाली, उद्या घरीच थांबा, गहू निवडायचेत."

पाऊस थोडा कमी झाला होता. मी विचारलं, "तुम्हाला फोनवरच कळलं ना?"

"बुधवारी अकरा वाजता कोण आयटीवाला एक्सल काढतो?" ते म्हणाले. "तुझ्या आईला तू सांग. मी सांगणार नाही."

त्या रात्री ते आमच्याकडेच राहिले. बायकोने आल्या आल्या अप्पेपात्र बघितलं, मग बाबांना बघितलं, मग मला, आणि काही न विचारता पिठलं-भाताची तयारी केली. गुरुवारी मी परत नाना पेठेत गेलो, डाव्या बाजूचा नवा जॉइंट आणला, बावीसशे रुपये, त्याच्याबरोबर त्याचा बूट वेगळा आला, त्यामुळे माझ्याकडचा एक बूट शिल्लक आहे. कुणाला हवा असेल तर सांगा. नवीन जॉइंटही बाबांनी आधी नखाने तपासला. दुकानदाराच्या पावतीवर त्यांचा विश्वास नाही. मुख्य नट नवा घातला आणि तो अंदाजाने आवळू दिला नाही. बुलेटवाल्याकडून टॉर्क रेंच आणायला लावला, मॅन्युअलमधला आकडा मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला. चाक याच नटाच्या भरवशावर असतं आणि चाकाच्या भरवशावर त्यांची सून.

आईला मी गुरुवारी संध्याकाळी फोन केला. तिने पूर्ण ऐकून घेतलं. जेवतोयस ना वेळेवर, एवढंच विचारलं. मग म्हणाली, बाबांना सांग, माझा परकर परत आण.

ट्रायल सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत घेतली. बाबा बाहेर उभे, काचा खाली, गाणी बंद. स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे ओढून मी हळूहळू गोल फिरायला लागलो. एक फेरी. दोन. टायरखाली खडी करकरत होती, कुठेतरी बेडूक ओरडत होते, तात्यांच्या खाचरात कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. बाबांनी कानामागे हात धरला होता. मग पूर्ण डावीकडे. परत दोन फेऱ्या. त्यांनी हात खाली घेतला आणि थांबायची खूण केली.

तीन हजार आणि काही चिल्लर, दोन दिवस, एक अप्पेपात्र. गॅरेजवाल्याला जे काम अर्ध्या दिवसाचं, ते आम्हाला दोन दिवस लागलं, हेही वहीत लिहायला हवं.

शुक्रवारी सकाळी बायको गाडी घेऊन निघाली, बाबांना मानच्या बसस्टॉपवर सोडायला तेही बरोबर. मी गेटपाशी उभा होतो. निघण्याआधी बाबांनी खाली वाकून परत एकदा चाकामागे टॉर्च मारला, आणि मला हाक मारली. उजव्या बाजूचा आतला बूट, गिअरबॉक्सकडचा. घड्यांमध्ये बारीक चिरा दिसत होत्या, अजून आरपार नाहीत.

"दिवाळीपर्यंत जाईल," ते म्हणाले. "पण तेव्हा गिअरबॉक्समधून शाफ्ट काढावा लागेल. तेल सांडतं. मोठं घमेलं आणून ठेव."